डॉ. कमल आणि मुंबईची एक जागा

दवाखान्यातल्या नोकरीत किस्से साठतच जातात. औषधांचा साठा संपतो, यांचा नाही! पन्नासच्या दशकात मी वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. जोडीला डॉ. कमल, रिठदच्या शेतकऱ्याची मुलगी. बायका गाठ लपवत लपवत अगदी शेवटी आमच्याकडे यायच्या. तेव्हा आमच्या हातात काही उरलेलं नसायचं. कमलनं ठरवलं, मुंबईला जाऊन कॅन्सरचं खास ट्रेनिंग घ्यायचंच. जागा एक आणि उमेदवार देशभरातले!

* * *

पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी अर्ज केला. माझी मुलाखत चहा गार व्हायच्या आत संपली. कमलला अध्यक्षांनी विचारलं, "मुंबईला कशासाठी यायचंय?"

"वाशीमला परत जायला!"

सगळे हसले. जागा तिसऱ्यालाच मिळाली. मी नाद सोडला. तिनं आणखी जाड पुस्तक मागवलं.

* * *

रिठदला कुणीतरी तिच्या वडिलांना टोचलं, "पोरगी नापास झाली म्हन्तेत?"

"नापास कायची? जागाच एक होती. मोटारीत बसाले जागा नसली तं मानूस उभं राह्यते. उतरून घरी जाते काय?"

* * *

मोटारीवरून आठवलं. मेडशीला कॅम्पला जाताना मी पुस्तकातले प्रश्न विचारायचो आणि कमल मराठीतून उत्तरं द्यायची. बायकांना समजावता आलं पाहिजे, हा तिचा हट्ट! एकदा ती लक्षणं सांगत होती, "पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, अंगावरून घाण पाणी जाणं, कंबर दुखणं..."

मागच्या बाकावरची बाई हळूच पुढे वाकली. "बाई, माह्यं दुखनं तुमाले कोनं सांगतलं?"

तिला आम्ही परतीच्या मोटारीनं दवाखान्यात आणलं. आजार सुरुवातीचाच होता. मुंबईला पाठवली, रेडियमचे उपचार झाले. बाई वाचली.

* * *

दुसऱ्या वर्षी तेच अध्यक्ष. "तुम्ही पुन्हा आलात?"

"साहेब, हा आजार पुन्हा येतो. मग डॉक्टरनं का येऊ नये?"

उत्तर आवडलं सगळ्यांना. जागा मात्र पुन्हा हुकली!

तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं, "आणि यंदाही नाही मिळाली तर?"

"पुढच्या वर्षी येईन. अध्यक्ष तुम्हीच असाल ना?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नको बाई! यंदाच या!"

* * *

ट्रेनिंग संपवून कमल आली. दवाखान्यातल्या एका खोलीवर 'कॅन्सर तपासणी' अशी पाटी लागली आणि त्या खोलीकडे कुणी फिरकेना. बायका खोकल्याच्या रांगेतसुद्धा त्या दाराकडे पाठ करून उभ्या राहायच्या. कमल रोज टेबल पुसून वाट पाहायची.

मग बाजाराच्या दिवशी रिठदहून तिची आई आली. भर गर्दीत त्याच दारासमोरच्या बाकावर जाऊन बसली.

ओळखीची एक बाई घाबरली. "अवं माय, तुले काय झालं वं?"

"मले? काईच नाई. म्हनूनच दाखवाले आली."

आत जाऊन तपासून घेतलं, पदर सावरला आणि निघाली भाजी घ्यायला.

पुढच्या बाजाराला पाहतो तर त्या दारासमोर बायकांची रांग! कमलनं पहिलीला विचारलं, "काय होतंय, बाई?"

"मले काईच नाई!"

मागची तिला ढकलत ओरडली, "मले बी काईच नाई, डाक्टरीनबाई! पन पयला नंबर माहा हाय!"