फक्त तोच एक फोन थांबवायचा होता

रफीकभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी तिवशाच्या कॉलेजात परीक्षेचे पेपर वाटत होते. अकोल्याहून त्यांच्या भाचीचा फोन. "मामू सकाळी गेले... हार्टफेल." पेपर वाटून झाले आणि मग मी भाचीला पुन्हा फोन लावला. त्याला आता दीड महिना झाला.

आमची ओळख अमरावतीतल्या एका मदतकेंद्रातली. शेती मोडत चाललेली ती वर्षं. घराघरांत फवारणीचं औषध पडलेलं, आणि कुणी ना कुणी ते घेतल्याचे फोन रोज यायचे. दवाखाना गाठेपर्यंत काय करायचं, ते केंद्रातल्या डॉक्टर सांगायच्या. फोन जोडायचं काम कॉम्प्युटरचं, आणि तो कॉम्प्युटर रफीकभाई आणि मी सांभाळायचो. अमरावतीच्या लाइनींना एक प्रोग्राम, अकोल्याच्या लाइनींना दुसरा, आणि प्रत्येक चालू फोनसाठी प्रोग्रामच्या पोटात एक स्वतंत्र काम, ज्याला आम्ही थ्रेड म्हणतो. एखादा थ्रेड अडकला की लाइन अडायची. अख्खा प्रोग्राम बंद केला तर सगळ्यांचेच फोन तुटणार. म्हणून रफीकभाईंनी बाहेरून चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. अडकलेल्या थ्रेडचा नंबर द्यायचा, की 'थांब' हा सिग्नल फक्त त्यालाच जायचा.

एके दिवशी अकोल्याचा एक थ्रेड अडकला. मी त्याचा नंबर कागदावर लिहिला, जेवून आले आणि सिग्नल पाठवला. पलीकडच्या टेबलावर आमच्या डॉक्टर कविता धारणीकडच्या एका बाईशी बोलत होत्या. तिच्या नवऱ्यानं औषध प्यायलं होतं. "त्याला उलटी..." एवढंच त्या बोलल्या आणि फोन तुटला. 'करवू नका' हे दोन शब्द त्यांच्या तोंडातच राहिले. उलटी करवली तर ते औषध फुफ्फुसात जाऊन माणूस दगावू शकतो.

रफीकभाई उठून माझ्याजवळ आले. "ताई, हा नंबर कव्हा लिवला?"

"जेवायच्या आधी."

"अन् सिग्नल कव्हा धाडला?"

"जेवून आल्यावर," म्हणत मी तो कागद त्यांच्या हातात दिला. अडकलेला थ्रेड मधल्या वेळात आपोआप सुटून संपला होता आणि त्याचा नंबर मोकळा झाला होता. थ्रेडना नंबर देतो तो कर्नल, म्हणजे मशीनची मूळ प्रणाली. जुने नंबर फिरून पुन्हा वापरात येतात. तोच नंबर अमरावतीच्या लाइनवर आलेल्या या नव्या फोनला मिळाला होता.

ती बाई एसटीडी बूथवरून बोलत होती. रफीकभाईंनी बूथ लावला... एंगेज. पुन्हा लावला. मला डोळ्यांसमोर ती बाई उलटीसाठी मिठाचं पाणी कालवताना दिसत होती. शेवटी बूथवाला म्हणाला, "ते त जीपमंदी बसून गेले." कोणत्या दवाखान्यात, ते त्याला ठाऊक नव्हतं. रफीकभाई एकेक दवाखाना लावत गेले. मेळघाटातले ते रस्ते, त्यात कुठं जीप बंद पडली तर... दिवस कलता कलता धारणीच्या सिस्टरचा आवाज आला. माणूस जिवंत होता. बायको म्हणत होती, "फोन कटला त मले काही समजलंच नाही. मी काहीच नाही केलं. नुसती धरून बसली." काही न केल्यानंच तो वाचला.

केंद्राच्या बैठकीत मी तोंड उघडायच्या आत रफीकभाई म्हणाले, "चूक माह्या प्रोग्रामची हाय. म्या एकट्या नंबरवर भरोसा ठेवला." पुढचे कित्येक दिवस ते कर्नलच्या कोडमध्ये बसून होते. सिग्नल पाठवताना थ्रेडसोबत तो कोणत्या प्रोग्रामचा, तेही सांगायचं. जोडी जुळली नाही तर कर्नलनं सिग्नल नाकारायचा. काम झाल्यावर मी पेढे आणले. त्यांनी घेतले नाहीत. "त्याच प्रोग्राममंदी तोच नंबर पुन्हा आला त? तेवढी फट हायेच ना, ताई." ती फट त्यांना झोपू देत नसे, असं त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, सांगायच्या. केंद्र बंद झालं, तरी ते मला मधूनच विचारायचे, "काहून वो ताई, त्या फटीचं काही सुचलं?" मला कधीच सुचलं नाही.

परवा अकोल्याला गेले. भाभी रफीकभाईंच्या खोलीत बसल्या होत्या. चहा झाला, बोलणं संपलं, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. रफीकभाई उचलायचे तसा, पहिली रिंग पुरी व्हायच्या आत भाभींनी उचलला. पलीकडे कोण आहे, हे न विचारताच म्हणाल्या, "हां, बोला. मी हाय लाइनवर... ठेवू नका."