मावशीच्या प्लॅनवरचा कायदा

जगातल्या कुठल्याही माणसाला नेमकं कुठे बसवावं हे अचूक ठाऊक असलेली एकच व्यक्ती मी पाहिली आहे, आणि ती म्हणजे माझी धाकटी मावशी. दादरच्या एका नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर तिने सतरा वर्षं काढली होती. तिथला प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा, तिच्या डोक्यात इतका पक्का बसला होता की घोडपदेवच्या तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाहुणा शिरला की चहाच्या आधी ती म्हणे, "तुम्ही उंच आहात, मागे बसा." लग्नाच्या हॉलात नवऱ्या मुलाच्या आत्याला पहिल्या रांगेतून उठवून तिने तिसऱ्या रांगेत नेलं होतं, कारण सप्तपदी तिथून जास्त चांगली दिसते. आत्या रुसली, पण दिसलं छान हे तिलाही कबूल करावं लागलं. मावशीची सगळी जेवणं मध्यंतरासारखी, दहा मिनिटांत आणि उभ्याने. इतक्या लोकांना जागा दिलेल्या या बाईने स्वतः मात्र खुर्चीत बसून एकही नाटक पुरतं पाहिलेलं नव्हतं.

अशा या मावशीने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वकिलीच्या पूर्णवेळ वर्गात नाव घातलं. गिरणी बंद पडल्यावर माझे आजोबा कित्येक वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन बसत. आत आपल्याबद्दल काय बोलणं चाललंय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "ते मला कळायला पाहिजे," एवढंच मावशी म्हणाली. सकाळी सात ते बारा कॉलेज आणि दुपारी चार ते नऊ खिडकी असा बेत ठरला. मी एक पदवी पाच वर्षांत मिळवली होती, तीही कसलीच नोकरी न करता, त्यामुळे तिला सल्ला देण्याचा अधिकार माझाच आहे असं मला वाटलं. यातलं एक काहीतरी सोड, असं मी सुचवलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू बाल्कनीतला माणूस आहेस. गप रव."

पुस्तक घेऊन निवांत बसायला तिला वेळ कधी मिळणार होता? मग तिने कायदाच प्लॅनवर बसवला. करार कायद्याच्या पेपराला पंच्याहत्तर कलमं होती आणि नाट्यगृहात एका रांगेत पंचवीस खुर्च्या, म्हणजे ए, बी, सी या तीन रांगांत सगळा पेपर हाऊसफुल. प्रत्येक खुर्चीवर तिने कलमाला शोभेल असं एकेक माणूस बसवलं. ए सतरावर फसवणूक, तिथे बाल्कनीचं तिकीट काढून अंधारात पुढे सरकणारे एक सद्गृहस्थ. त्यांच्या शेजारी ए सोळावर अनुचित दबाव, म्हणजे त्यांची बायको. सी सहा ही खुर्ची कायमची मोडकी, म्हणून तिच्यावर छप्पन्नावं कलम, पार पाडणं अशक्य झालेला करार. एकदा नायकाचा घसा बसला आणि प्रयोग रद्द झाला. व्यवस्थापक प्रेक्षकांना पुढची तारीख घ्यायला लावत होते, तेव्हा मावशीने खिडकीतूनच रांगेला सी सहा समजावून सांगितलं. सगळ्यांनी तिकिटांचे पैसे परत मागितले. व्यवस्थापक तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

पहिल्या परीक्षेच्या दिवसांत रजा मिळेना, तेव्हा अकरा दिवस तिच्या जागी मी खिडकीवर बसलो. सी सहा मी एका भरभक्कम काकांना विकली, त्याबद्दल पुढे फार बोलणी खाल्ली, पण ते असो. तिकडे मावशीचे पेपर उत्तम गेले आणि तिथेच घात झाला. खिडकीवरची पद्धत अशी की जागा दिली की प्लॅनवर पेन्सिलीने फुली मारायची आणि कडेला खुर्चीचा नंबर टिपायचा. सतरा वर्षांचा हात तो. करार कायद्याच्या पेपरात प्रत्येक उत्तर संपलं की मावशीने समासात फुली मारली आणि पुढे लिहिलं, ए १६, सी ६, बी १.

तपासणाऱ्यांना वाटलं, ही आपल्या माणसाला ओळख पटवण्याची खूण आहे. निकाल अडकला आणि चौकशी समितीचं पत्र आलं. आरोप सिद्ध झाला तर परीक्षा रद्द होणार होती आणि पुढची दोन वर्षं बसायची बंदी. त्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो तर कुठे बसायचं हे तिने मला सांगितलं नाही. मी घाबरलो तो तेव्हा.

समितीसमोर ती एकच पुरावा घेऊन गेली, कोरा प्लॅन. सोबत म्हणून मला दाराजवळच्या बाकावर बसू दिलं होतं. तिघे सदस्य कपाळाला आठ्या घालून बसले होते. मावशीने टेबलावर प्लॅन पसरला, अध्यक्षांच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाली, "सर, कुठल्याही खुर्चीवर ठेवा."

अध्यक्षांनी पेन्सिल बी एकवर ठेवली. लग्न करू नये असा करार रद्द, मावशी म्हणाली, आणि तिथे बसणाऱ्या अविवाहित मास्तरांची माहितीही दिली. सी एकवीसवर ठेवली. सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्याची जबाबदारी, त्या खुर्चीखाली दर महिन्याला एक छत्री मिळते. दहाव्या खुर्चीपर्यंत आठ्या गेल्या होत्या. विसाव्या खुर्चीपाशी दुसऱ्या सदस्या आपणहून पुढे वाकून बोट ठेवू लागल्या. शेवटी अध्यक्षांनी पेन्सिल कोपऱ्यात नेली. ए पंचवीस.

मावशीने पेन्सिलीखालच्या खुर्चीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मोबदला नसलेला करार. तो रद्द. पण जवळच्या माणसाने मायेपोटी रीतसर लिहून दिला असेल तर टिकतो."

"आणि तिथे कोण बसतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"तो काय, दाराशी बसलाय."

मी खिशात रुमाल शोधू लागलो, तो नव्हता.

आरोप तिथेच मिटला आणि पुढे निकाल पहिल्या वर्गाचा लागला. चौकशीच्या दिवशी निरोप देताना अध्यक्षांनी हळूच रविवारच्या प्रयोगाच्या मधल्या दोन जागांची चौकशी केली. चाळीत पेढे वाटले गेले. तीन वर्षांनी सनद मिळाली त्या दिवशी काळा कोट घालून मावशी कोर्टाच्या व्हरांड्यातून थेट आत गेली. आत जाताना बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला तिने उठवलं आणि आतल्या बाकावर नेऊन बसवलं, इथून ऐकू येतं म्हणून. इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचा कधी वाटलेला नाही.

आता खिडकीवर दुसरी मुलगी असते. मी ए पंचवीस मागतो तेव्हा ती म्हणते, काका, भिंतीलगतची आहे, अर्धा रंगमंच दिसणार नाही, मधली रिकामी आहे ना. मी तीच घेतो आणि शेजारची चोवीसही घेतो. मावशी दर वेळी येते म्हणते आणि दर वेळी एखादा अशील तिला अडवतो. तिसऱ्या घंटेपर्यंत मी दाराकडे पाहत राहतो, आणि मग तिच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवतो, म्हणजे तिथे दुसरं कोणी बसू नये.