महालक्ष्म्यांतला स्वच्छ पिंजरा

"काकू, हिची लेंडी शेवटची कधी पाहिली?"

अमरावतीच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं आणि मी खाली मान घातली. टेबलावर सरकी, माझ्या मुलीनं पाळलेली ससी, पाठीला कुबड काढून बसली होती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, एक्स-रे काढला. "जीआय स्टॅसिस आहे," म्हणाले. म्हणजे आतड्यांची हालचाल थांबणं. गॅस साचतो, पोट दुखतं, म्हणून ससा खात नाही. आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. "दुखलं तरी ससा ओरडत नाही. वाचेलच, असं आज सांगत नाही."

मुलगी शिकायला अकोल्याला गेली तेव्हा सरकीला माझ्या हवाली करून गेली. रोज फोनवर विचारायची, "आई, लेंड्या टाकून राहिली ना?" मला किळस यायची. त्यात महालक्ष्म्या आलेल्या, सोवळ्यातला स्वयंपाक. "हो बाई, टाकते," असं न बघताच सांगून मी मोकळी व्हायची.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी लाडानं तिला पुरणपोळीही चारली. प्रसादावाचून घरातलं कोणी राहू नये, ही आमची रीत. दुसऱ्या दिवशी पिंजरा लख्ख! परतवाड्याहून आलेल्या नणंदबाई म्हणाल्या, "वैनी, ससा असून घरात घाण नाही वो!"

"महालक्ष्म्याइच्या दिवसात तिलेही सोवळं समजते," मी फुशारकी मारली. सगळ्या हसल्या. सरकी कोपऱ्यात दात करकरवत होती. संध्याकाळी तिनं कोथिंबीर हुंगलीसुद्धा नाही, तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं आणि मी दवाखाना गाठला.

तुमच्या घरी ससा असेल तर माझ्यासारखं करू नका. दात करकरणं, कान गार पडणं, खाणं सोडणं, लेंड्या बारीक होणं किंवा बंद होणं, हे सगळं दुखण्याचं बोलणं आहे. यातलं काही दिसलं की उद्यावर ढकलू नका. पोळी नको, गोडधोड नको. भरपूर वाळलं गवत आणि पाणी हवं.

सरकीला सलाइन आणि दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. मी बाहेरच्या बाकावरून मुलीला फोन लावला. "मी न बघता हो म्हणत होती, बेटा." ती पहिल्या बसनं आली, सरकीला मांडीवर घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मले नुसतं हो नोको म्हणू. बघून सांगत जा." लाजेनं मी मेल्याहून मेल्यासारखी झाली.

दोघींनी मिळून सुईशिवायच्या सिरिंजनं तिला पातळ खाणं भरवलं. दुसऱ्या दिवशी टॉवेलवर एक बारकी, काळी लेंडी पडली. महालक्ष्म्यांपुढे जोडले नव्हते इतक्या मनापासून मी हात जोडले. डॉक्टरांचे उपकार कसे फेडू?

आता रोज आधी पिंजरा बघते, मग फोन करते. दिवाळीत नणंदबाई आल्या. "काय वैनी, ससा अजून सोवळ्यात आहे का?"

"नाही वो ताई. त्या दिवशी आपण हसून राहिलो होतो ना, तवा ते मरून राहिली होती."

त्या उठून पिंजऱ्यापाशी गेल्या. "आता लय घाण करते," मी म्हटलं, आणि लेंड्या भरायला सुपली आणली.