कॉफीची बिअर आणि नानांची झोप

असले अनुभव मी आजवर चहाबरोबर तोंडी लावायला वाचत आलोय. पिंपळावरचा मुंजा, पांढऱ्या साडीतली बाई, मागून येणारी पैंजणं... वाचायचं, हसायचं, पान उलटायचं. मी केमिस्ट. जे टेस्ट ट्यूबमध्ये येत नाही त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही, असं चारचौघांत ठणकावून सांगणारा माणूस. आमची सौ. म्हणते, "तुमच्या वाटेला भूतसुद्धा जायचं नाही. वाद घालून घालून दमवाल बिचाऱ्याला!" तर अशा माणसावर हे लिहायची वेळ आलीय. हसा हवं तर. तुमच्या जागी मीही हसलोच असतो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही जुने हैदराबादी मराठी, मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत राहायचो. आंध्रातली दारूबंदी नुकतीच उठली होती, परदेशी कंपन्या धडाधड येत होत्या, आणि शहराबाहेरच्या एका नव्या बिअरच्या कारखान्यात मला क्वालिटी कंट्रोलला नोकरी लागली. सौ. – सुनीता, माहेर पुण्याचं – नातेवाइकांत "हे फूड इंडस्ट्रीत आहेत" असं सांगायची. चेहरा अजिबात न हलवता!

घरात आम्ही तिघं. मी, सुनीता आणि माझे वडील, नाना. आई जाऊन दोनेक वर्षं झाली होती आणि तिच्याबरोबर नानांची झोप जी गेली ती गेलीच. हृदयाचा एक झटका येऊन गेलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना झोप मिळाली नाही तर कठीण आहे." आणि झोपेच्या गोळ्या तर त्यांना झेपत नव्हत्या. दुपारी खुर्चीत डोळे मिटून बसलेले दिसले की मला बरं वाटायचं, पण लगेच आवाज यायचा, "जागाच आहे रे मी." रोज थोडे थोडे खंगत चालले होते माझे वडील, आणि मी नुसता बघत होतो. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं.

आणि त्यातच ही कॉफीची बिअर आली.

कल्पना परदेशी पार्टनरची. काळीभोर बिअर, वास थेट फिल्टर कॉफीचा. चाखणाऱ्यांत माझं नाव होतं. आता लोकांना वाटतं चाखणं म्हणजे मजा! तसं नसतं. हे काम सकाळी, जीभ ताजी असताना करायचं. वाइन चाखणारे चूळ भरून थुंकतात, बिअर मात्र गिळावी लागते – तिचा कडवटपणा घशाशी कळतो. आणि त्यात काय घातलंय हे चाखणाऱ्याला सांगायचं नाही, हा नियमच.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी घरी आलो तर नानांनी दारातच बिअरचा वास ओळखला. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस! रागावले नाहीत, घाबरले. जवळ आले, माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "पोराची इडापीडा मला लागो," म्हणाले. अलाबला घेणं हे आमच्याकडे आईचं काम. ती गेल्यावर कुणी ते केलंच नव्हतं.

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी मी सुनीताला शास्त्र समजावलं. बिअरमध्ये कॉफी म्हणजे कॅफिन आलं, दारूनं माणूस आधी पेंगुळतो खरा, पण कॅफिन तासन्‌तास रक्तात राहतं, वगैरे वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चार घोटांनी? तुम्ही जेवणावर दोन कप फिल्टर कॉफी पिऊन घोरता!"

तेवढ्यात आमच्या दोघांच्याही लक्षात आलं... नाना अजून उठले नव्हते. धावत गेलो. तोंडावर ऊन आलेलं आणि नाना चक्क घोरत होते. सुनीता पदर तोंडाला लावून रडायला लागली, आनंदानं.

मग हे होतच राहिलं. चाखणी असेल त्या संध्याकाळी नाना दारात उभे, अलाबला घेणार. मी रात्रभर टक्क जागा, आणि नाना गाढ. चाखणी नसेल तेव्हा मी झोपायचो आणि ते जागे. मी म्हटलं, योगायोग. दुसरं काय म्हणणार? पण नानांच्या गालांवर रंग आला, डॉक्टर खूश झाले, आणि मी साहेबांना सांगितलं – कॉफीच्या बिअरचं प्रत्येक चाखणं मला द्या. माझी हालत मात्र बेकार होती. एकदा चादरघाटच्या पुलावर स्कूटरवरच डुलकी लागली. बसवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून ओरडला, "मरना है क्या मियाँ? घर जाके सो!"

शेवटी न राहवून, नियम मोडून मी बिअर बनवणाऱ्या ब्रूमास्टरना विचारलं, "त्यात कॉफी किती टाकता हो?"

ते पोट धरून हसले. "अय्यो अनिलगारू, कॉफी कुठली! भाजलेली बार्ली आहे ती. करपेपर्यंत भाजली की वास तसाच येतो. त्यात कॉफीचा एक दाणा नाही."

दाणा नाही म्हणजे कॅफिन नाही. बाकीचे चाखणारे झोपतही होते मजेत. मग मला काय जागं ठेवत होतं? त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली.

तरी मी थांबलो नाही. नाना झोपत होते ना!

मग परदेशी पाहुणे येणार म्हणून एकाच दिवशी लागोपाठ बऱ्याच चाखण्या झाल्या. संध्याकाळी नानांनी नेहमीसारखी बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी रविवार. नानांचा चहा निवून गेला. जेवणाची वेळ टळली. हलवलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं... काही नाही. श्वास चालू होता, पण इतका संथ की दोन श्वासांच्या मधे मला वाटायचं, संपलं. सुनीता कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे डॉक्टरांना फोन करायला धावली. मी नानांचे तळवे चोळत बसलो. ज्याचे कधी देवासमोर हात जोडले गेले नाहीत तो मी मोठमोठ्यानं म्हणत होतो, "नको रे देवा, झोप नको, काही नको, फक्त उठव यांना..."

सुनीता परत यायच्या आतच नानांनी डोळे उघडले.

"तुझी आई आली होती," म्हणाले.

"स्वप्नात?"

"हौ. पण माझ्याकडे बघितलंच नाही रे तिनं. ओला गार हात पाठीत घातला आणि म्हणते, 'अनू, ऊठ, आज शाळेला सुट्टी आहे!' आणि हसत सुटली. सुट्टी आहे तर उठवते कशाला?"

मी त्यांचे तळवे चोळायचा थांबलो.

नाना पाटबंधारे खात्यात होते, माझ्या शाळेची सगळी वर्षं फिरतीवर. त्या सकाळी त्यांनी कधी पाहिल्याच नाहीत. मी उठायचो नाही म्हणून आई भांडी घासलेला ओला हात माझ्या बनियनच्या आत घालायची आणि सुट्टी आहे म्हणून थाप मारायची. मी आनंदानं ताडकन उठून बसायचो, आणि मग ती हसायची. रोज फसायचो मी! हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुनीतालाही नाही. आणि आई गेल्यापासून ती एकदाही माझ्या स्वप्नात आली नव्हती.

मी सांगितलं तेव्हा नानांचा चेहरा पडला. "ती तुला भेटायला आली होती अनिल. झोप तुझी होती... मी मधेच घेऊन बसलो. आता नाही घेणार."

"घ्या हो नाना," मी म्हटलं. "मला चालतं. तुम्हाला झोपेची गरज आहे."

"नक्को." हा त्यांचा हैदराबादी नकार आला की विषय संपला. "पोराच्या वाटचं खाऊन बाप जगतो काय रे?"

नंतरही मी ती बिअर चाखली. नाना दारात उभे राहायचे, पण हात मागे बांधून. मी मेल्यासारखा झोपायचो, आणि नाना पुन्हा पहिल्यासारखे जागे. पुढच्या वर्षी ते गेले. दुपारची वेळ होती, खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी वाट बघत होतो, "जागाच आहे रे मी" ऐकू येण्याची.

ती बिअर बाजारात आलीच नाही. हल्ली तसली इथल्या पबमध्ये मिळते म्हणे, खरी कॉफी घातलेली. मुद्दाम जाऊन भरपूर प्यालो. गाढ झोपलो. कॅफिनचं गणित मला पाठ आहे, पण नानांचं स्वप्न त्यात कुठेच बसत नाही. वाचकांत कुणी डॉक्टर असेल तर त्यांनी जरूर सांगावं, मी वाद घालणार नाही.

आई अजून माझ्या झोपेत आलेली नाही. रिटायर झाल्यापासून मला रोजच सुट्टी आहे. तरी जाग आल्यावर मी लगेच उठत नाही, पाठ दाराकडे करून पडून राहतो जरा वेळ.