जळाऊ कचऱ्याचा गोलकीपर

माझ्या केस कापायच्या दुकानासमोर गल्लीची कचरा ठेवायची जागा आहे, आणि इनागाकी-सान तिथेच जगप्रसिद्ध झाले. तरुणपणी ते योनागो शहरातल्या एका फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. मोसमातल्या शेवटच्या सामन्यात चेंडू त्यांच्या दोन्ही पायांमधून गेला आणि संघ खालच्या गटात घसरला. तेव्हापासून त्यांच्यासमोर कुणी फुटबॉलचं नाव काढत नाही. त्या सौजन्यापेक्षा शिव्या परवडल्या.

मंगळवारी जळाऊ कचरा उचलायला गाडी येते. पिशव्यांवर जाळी टाकून राखण करायची पाळी घरोघर फिरते. इनागाकींच्या पाळीला एका कावळ्याने जाळी उचलली, आणि साठी उलटलेला हा गृहस्थ असा आडवा झेपावला की कावळा पिशवी सोडून पळाला. माझं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तोंडाला फेस तसाच ठेवून धावलं आणि त्याने ते फोनवर टिपलं. बघता बघता लाखो लोकांनी ते पाहिलं. मग इनागाकींनी सगळ्यांच्या पाळ्या मागून घेतल्या आणि जुने हातमोजे बाहेर काढले.

"मिझुए-सान, डावीकडचा कावळा लबाड आहे हं," ते मला सांगायचे. "चेंडूकडे बघतच नाही. माझ्या पायांकडे बघतो."

"चेंडू?"

"पिशवी हो, पिशवी."

वर्षानुवर्षं मान खाली घालून जाणारा माणूस बडबडायला लागला. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण त्यांना बघायला थेट ओसाकाहून माणसं यायला लागली, आणि गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष मुनेकाता-सान यांचं डोकं उठलं. मुनेकाता म्हणजे पिशवीवरून नजर फिरवून शेजाऱ्याचं रात्रीचं जेवण सांगणारा गृहस्थ. त्यांनी सभा बोलावली. झाकणाची लोखंडी पेटी आणायची. कावळे बंद, गर्दी बंद.

"कुणाची हरकत?"

आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नाही. सगळे आपापल्या चहात बघत बसले. इनागाकी उठले, कमरेतून वाकले आणि म्हणाले, "माझ्यामुळे सर्वांना त्रास झाला. पेटी उत्तम." मला सगळ्यांचा संताप आला, माझ्यासकट.

पुढच्या मंगळवारी पेटी आली. इनागाकी रिकाम्या हातांनी बाजूला उभे होते. गल्लीतल्या ओचिआई आजी आल्या आणि त्यांनी पिशवी पेटीच्या बाहेरच ठेवली.

"आजी, झाकण उघडून देऊ?" मी विचारलं.

"नको बाई, मला कुठलं ते झाकण कळतंय," म्हणत त्या चालत्या झाल्या.

आमच्या गल्लीत कचऱ्याचा नियम मोडण्यापेक्षा चोरी बरी. तरी मी माझी पिशवी तिच्याशेजारी ठेवली. मग तोफूवाल्याने. हळूहळू अख्ख्या गल्लीचा कचरा उघड्यावर आला, आणि पेटी रिकामी.

शेवटी मुनेकाता आले. त्यांनी पेटीत वाकून पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि स्वतःची पिशवी बाहेर टेकवली.

"त्या सामन्याला मी होतो," ते इनागाकींना म्हणाले. "पाऊस होता. चेंडू निसटणारच."



"पाऊस कुठला? लख्ख ऊन होतं," इनागाकी म्हणाले. "मीच घाई केली. कशी ते सांगू?"

आणि ते सांगायला लागले, पहिल्या मिनिटापासून. मध्येच कावळ्यांनी मुनेकातांची पिशवी फोडून माशाची डोकी रस्ताभर केली. मुनेकातांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग?" ते म्हणाले.