सांध्यावरचा हिरवा रंग

काल आमच्या ट्रकखाली शिरलो आणि मागच्या चाकाजवळच्या ब्रेक चेंबरवर नजर अडकली. गाडी लष्कराच्या लिलावातली. चेंबरच्या दोन वाट्या जिथे जुळतात त्या सांध्यावर, बोल्टांवर, सगळीकडे लष्करी हिरवा रंग सलग बसलेला. पान्याचा साधा ओरखडाही नाही.

गाडी घेतली तेव्हा मेव्हणा म्हणाला होता, "दाजी, सगळ्या चाकांचे डायफ्रॅम मी स्वतः नवे टाकलेत. डोळे झाकून घाटात घाला."

कसले टाकलेत! डायफ्रॅम म्हणजे आतली रबराची चकती. हवेनं ती ढकलली गेली की ब्रेक लागतो. ती बदलायची तर सांध्यावरचा रंग फुटणारच. तो काल मी फोडला. आतलं रबर शिळ्या भाकरीसारखं वाळून तडकलं होतं.

बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर असंच वाळतं, बाहेरून कळत नाही. रबरावर माझा राग नाही. त्यानं मला शब्द दिला नव्हता. माणूस देतो, आणि त्याच्या शब्दावर आपण भरली गाडी उतारावर सोडतो.

नवी चकती बसवली, बोल्ट आवळले. मन मात्र पहिल्या फेरीच्या सकाळी जाऊन बसलं. घाटमाथ्यावर मेव्हण्यानं चाकापुढे नारळ फोडला. माझ्या शेजारी बसलेल्या बायकोच्या, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या, हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "तुम्ही व्हा पुढं," म्हणाला, आणि स्वतः एसटीनं खाली आला.