फायलीत राहिलेलं कार्ड

संघटनेची पत्रकं लिहिणाऱ्याला एक खोड लागते. समोरच्या बाईचं दुखणं ऐकताना तो मनात मथळा जुळवत असतो. मलाही ती लागली होती, म्हणून हे लिहिते आहे.

त्या वर्षी नांदूरघाटकडच्या आमच्या गावात भर श्रावणात टँकर सुरू झाला होता. टँकर आधी गावात, आमच्या दलितवस्तीत शेवटी, ते ठरलेलंच. दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या वहिनीला सहावा महिना लागला. आधीचं बाळ तिनं ऊस तोडतानाच गमावलं होतं. तेव्हाही पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं, आणि सगळे म्हणाले होते, "होतं असं." या खेपेला तिनं ठरवलं होतं, कुणाचं ऐकायचं नाही, बीपी मोजून घ्यायचं.

आरोग्य उपकेंद्रात मी तिच्यासोबत होते. नर्सबाईंनी गावातल्या दोघींच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं. वहिनीची पाळी आली तेव्हा नुसतं तोंडाकडं पाहिलं नि म्हणाल्या, "तुला काय धाड भरलीय? तुमच्या बायका काटक असतात. गोळ्या घे आन् जा."

वहिनी स्टुलावरून उठली नाही.

"काटक हाय म्हणून मोजायचं न्हाई का, बाई? पट्टा बांधा, मग उठते."

"मागं रांग हाय."

"असू द्या की. मी बी रांगंतूनच आले."

पट्टा बांधला. नर्सबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा मोजलं. बीपी लई वाढलेलं होतं.

"आता गरोदरपणाच्या कार्डावर लिव्हा," वहिनी म्हणाली. "लाल पेनानं लिव्हा. उसाला गेल्यावर तिथला डॉक्टर माझं तोंड बघत न्हाई, कार्ड बघतो."

लाल शाईत आकडा पडला. खाली शेरा पडला, दर आठवड्याला तपासणी. बाहेर आल्यावर ती हसली. "बघ पुढारणे, तुझं पत्रक न वाचता जमलं."

ते मला टोचायला हवं होतं. मला मात्र मुद्दा सापडला होता. वस्तीतली ऊसतोड टोळी ज्या सहकारी साखर कारखान्याला जायची, त्याचे अधिकारी केजला येणार होते. त्यांना निवेदन द्यायचं, ऊसतोड बायकांसाठी फडावर डॉक्टर पाठवा. पुरावा म्हणून मी वस्तीतल्या पाच गरोदर बायकांची कार्डं गोळा केली. झेरॉक्स काढून संध्याकाळी परत देते म्हणाले. केजला लाईट नव्हती. मग मीच ठरवलं, अस्सल कार्डांचं वजन जास्त. पाचही कार्डं पत्त्यांसारखी हातात धरून मी फोटो काढून घेतला. घोषणा दणक्यात झाल्या. कार्डं फायलीत गेली, फाईल झोळीत, आणि झोळी घेऊन मी माजलगावला बैठकीला.

दुष्काळानं ऊस कमी, म्हणून कारखान्यानं घाई केली. ट्रक दिवाळीआधीच वस्तीत येऊन उभा राहिला. वहिनीनं टोळीच्या मुकादमाच्या फोनवरून मला गाठलं.

"कार्ड कुठंय गं माझं?"

"माझ्याजवळच आहे. पाठवते ना."

"ट्रक उभा हाय. कशाला ठिवून घेतलंस?"

"वहिनी, कार्ड नसलं तरी त्यांनी तपासायलाच पाहिजे. तो तुमचा हक्क आहे."

मागून ट्रकचा हॉर्न वाजला. मग ती म्हणाली, "हक्क तू म्हणतीस. तिथं मला कोण वळखतंय?"

कार्डाचा फोटो मुकादमाच्या फोनवर टाकते, असं मी कबूल केलं. बैठक लांबली, मग दुसरी बैठक आली. फोटो टाकला नाही.

फडावरून ती खाडा करून दोनदा दवाखान्यात गेली. बीपी वाढलंय, दर आठवड्याला मोजायला सांगितलंय, हे तिनं दोन्ही वेळा सांगितलं. "कशावरून?" असं विचारलं गेलं. दाखवायला हातात काही नव्हतं. दोन्ही वेळा बीपी न मोजताच रक्तवाढीच्या गोळ्या देऊन तिला परत पाठवलं. आठव्या महिन्यात तिला फडातच झटके आले. आधी ट्रॅक्टरमधून, मग जीपमधून मोठ्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. मुलगी होती, ती पोटातच गेली.

तिला दोनदा परत पाठवणाऱ्या दवाखान्यावर मी चिडून चार पानं लिहिली. त्यांनी अपराध केलाच, आजही तेच म्हणते. वहिनीनं सांगण्यात काही कसर ठेवली नव्हती. पण तेव्हा कार्ड कुणाच्या झोळीत होतं, याची त्या चार पानांत एक ओळ नव्हती.

संक्रांतीनंतर नवरा तिला गावी घेऊन आला. मी कार्ड घेऊन गेले. ती दारात ज्वारी निवडत होती. तिनं कार्ड उघडलं, लाल आकड्यावर बोट ठेवलं, आणि बंद केलं. मला जे येतं तेच मी बोलले, "वहिनी, आपण तक्रार करू. मी लिहून आणते."

"करू की. पर आधी सांग, बाकीच्या चौघींची कार्डं कुठायत?"

मी झोळीकडं पाहिलं.

"ऊठ. वाटून ये. मग बस लिव्हायला."

दोघी घरीच होत्या. त्यांनी कार्डं घेतली. तिसरीची सासू म्हणाली, "मला देऊन काय करू? सून तर फडावर हाय." चौथ्या दाराला कुलूप होतं. ती पोरगीही फडावर, आणि तिला आता सातवा असणार. मी त्या पायरीवर बसले. दोन्ही कार्डं मांडीवर उघडली, अक्षर न् अक्षर दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा फोटो काढले, आणि मुकादमाला फोन लावला.

"फोटो पाठवलेत. पोचले का? त्या दोघींना बोलवा, त्यांच्या हातात फोन द्या. मी थांबते."